अलीकडचा बॅकअप सापडत नाही तेव्हा

संगणकावरील नोंदी जपण्याविषयी आपल्या महाविद्यालयांतून आजवर जे काही सांगितले गेले, त्याचा सगळा भर 'बॅकअप घ्या' या एका सूचनेवर आहे. सूचना रास्तच आहे. परंतु संगणक बंद पडल्यानंतर तो बॅकअप शोधायचा कोठे, हाती लागलेली प्रत ताजी की शिळी हे ओळखायचे कसे, आणि ताजी प्रत दिसतच नसेल तर काय करायचे व त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करायचे नाही, याविषयी सहसा कोणी बोलत नाही. कम्युनिटी कॉलेजांत या कामासाठी स्वतंत्र माणूस क्वचितच नेमलेला असतो. तासिका सांभाळून उरलेल्या वेळात ते एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडते. प्रस्तुत लेख अशा शिक्षकांसाठी आहे.

भोपाळमध्ये या विषयाची चर्चा अलीकडे तीनदा झाली. १२ जून २०२३ रोजी सतपुडा भवन या सरकारी इमारतीला आग लागली. तिसऱ्या मजल्यावर सुरू झालेली आग वरच्या मजल्यांवर गेली आणि आरोग्य विभागाच्या हजारो फायली जळून गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याच्या ई-नगरपालिका पोर्टलवर सायबर हल्ला झाला आणि चारशेहून अधिक नगरपालिका, नगरपरिषदांची ऑनलाईन कामे अडून राहिली. पुढे ९ मार्च २०२४ रोजी मंत्रालयाच्या वल्लभ भवनात आग लागली. तिन्ही वेळी शहरात एकच प्रश्न विचारला जात होता: याची दुसरी प्रत कोठे आहे का? या मोठ्या घटनांच्या आतले तपशील चौकशी समित्यांचा विषय आहेत. मी ज्या अनुभवावरून लिहितो आहे तो अगदी लहान, एका खोलीतला आणि एका संगणकाचा आहे. पण आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला येणारा तोच आहे.

एका कार्यालयातील घटना

जुन्या भोपाळमधील एका कॉलेजचे कार्यालय. तेथे विंडोज ७ वर चालणारा एक जुना संगणक होता. त्याला इंटरनेट जोडलेले नव्हते. प्रवेशाच्या याद्या, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी गोळा केलेली माहिती, म्हणजे विद्यार्थ्यांचे समग्र आयडी, उत्पन्नाचे दाखले, बँक खाती, हे सारे त्यावर होते. दर शनिवारी सायंकाळी बडे बाबू एका बाहेरील हार्ड डिस्कवर प्रत घेत असत. त्यासाठी कोणा माजी विद्यार्थ्याने करून दिलेली छोटी आज्ञावली होती. ती चालवली की त्या दिवसाच्या तारखेचे फोल्डर तयार होई आणि सगळ्या फायली त्यात उतरत. व्यवस्था साधी होती आणि खरे सांगायचे तर पुष्कळ मोठ्या कार्यालयांपेक्षा बरी होती.

मंगळवार, ११ जुलै २०२३ रोजी संगणक सुरू झाला नाही. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत होता. शिष्यवृत्तीचे काम डोक्यावर होते. बाहेरील डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली, तेव्हा शेवटचे फोल्डर २५ मार्चचे निघाले. "सर, मार्च के बाद का कुछ है ही नहीं," बडे बाबू म्हणाले. ते प्रत्येक शनिवारी प्रत घेत होते, याबद्दल त्यांना खात्री होती. बाकीच्यांना नव्हती, आणि त्या खोलीतली शांतता त्यांना फार लागली असावी. साडेतीन महिन्यांचे गुण आणि नव्या प्रवेशांची सारी माहिती गेली, असे सर्वांनी धरून चालले.

डिस्क जवळजवळ भरलेली होती. कोणीतरी सुचवले की निदान आता कार्यालयातल्या इतर संगणकांची तरी प्रत घेऊन ठेवू, आणि जागा करण्यासाठी सर्वांत जुने फोल्डर काढून टाकू. यादीत सर्वांत वर १ जानेवारी २००९ या तारखेचे फोल्डर होते. ते निवडलेही गेले होते. त्या क्षणी माझ्या मनात एक क्षुल्लक शंका आली: ही डिस्क तर कॉलेजने २०१९ साली विकत घेतली आहे, तिच्यावर २००९चे फोल्डर आले कोठून?

ते उघडले. आत २०२३-२४ या वर्षाच्या प्रवेशाची यादी होती.

घड्याळ चुकले की प्रती 'हरवतात'

झाले होते ते असे. संगणकाच्या मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराचा तीन व्होल्टचा एक सेल असतो. वीज बंद असताना संगणकाचे घड्याळ या सेलवर चालते. काही वर्षांनी तो संपतो. मग मुख्य बटण बंद केले की घड्याळ थांबते आणि पुन्हा सुरू करताना बोर्ड कारखान्यात ठरवून दिलेल्या तारखेपासून मोजू लागतो. या संगणकाची ती तारीख १ जानेवारी २००९ होती. इंटरनेट असलेला संगणक काही वेळाने आपली तारीख दुरुस्त करून घेतो. याला ती सोय नव्हती. कार्यालयात रोज सायंकाळी भिंतीवरचे बटण बंद करण्याची शिस्त होती. त्यामुळे मार्चअखेरपासून या संगणकाचा प्रत्येक दिवस १ जानेवारी २००९ होता.

दर शनिवारी आज्ञावली 'आजच्या' तारखेचे फोल्डर करायला जाई, ते आधीच असे, आणि जुन्या फायलींवर नव्या फायली लिहिल्या जात. त्यामुळे मधल्या सगळ्या शनिवारांच्या प्रती गेल्या. पण ८ जुलैची शेवटची प्रत शाबूत राहिली, तीही यादीत सर्वांत जुनी म्हणून सर्वांत वर. यात दैवाचा भाग मोठा होता. आज्ञावलीत 'फक्त अधिक नव्या फायलीच उतरवा' असा पर्याय वापरलेला असता, तर चुकलेल्या तारखांमुळे काही नव्या फायली जुन्या समजून वगळल्या गेल्या असत्या. जागा कमी पडल्यावर सर्वांत जुनी प्रत आपोआप पुसणारे सॉफ्टवेअर असते, तर त्याने नेमकी हीच प्रत पुसली असती.

सेल संपल्याची खूण रोज सकाळी पडद्यावर येत होती. तारीख आणि वेळ निश्चित नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा, अशा अर्थाचा तो संदेश असतो. "एफ-१ दाबला की होतो सुरू," असे शिपायापासून सर्वांना ठाऊक होते. हा संदेश आपल्या कॉलेजातील कोणत्याही संगणकावर दिसत असेल, तर सेल त्याच दिवशी बदलावा. इंटरनेट असलेल्या संगणकावर हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते: सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण संगणकाच्या तारखेनुसार त्यांची प्रमाणपत्रे अजून लागूच झालेली नसतात.

घड्याळ बरोबर असूनही तारीख फसवू शकते. फोल्डरला आपल्या सवयीप्रमाणे आधी दिवस, मग महिना, मग वर्ष असे नाव दिले, तर नावानुसार लावलेल्या यादीत ०१-०७-२०२३ हे फोल्डर २५-०३-२०२३च्या वर जाऊन बसते आणि यादीच्या तळाशी पाहणाऱ्याला मार्चचे फोल्डर शेवटचे वाटते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असे लिहिले की हा घोळ उरत नाही. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो, तेव्हा ०७/०८ म्हणजे ७ ऑगस्ट की ८ जुलै हे त्या सॉफ्टवेअरची पद्धत पाहूनच ठरवावे लागते. विंडोजची 'डब्ल्यूबीॲडमिन' ही आज्ञा उपलब्ध प्रतींची यादी देताना प्रत्येक प्रतीची ओळख जागतिक प्रमाणवेळेत छापते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून १२ तारखेला पहाटे चार वाजता घेतलेली प्रत तेथे ११ तारखेची, रात्री साडेदहाची दिसते. 'कालचा बॅकअप नाही, परवाचाच आहे' अशी तक्रार ऐकली की मी प्रथम हे साडेपाच तास तपासतो.

तात्पर्य, प्रत किती ताजी आहे हे तिच्या नावावरून किंवा तारखेवरून ठरवू नये. ती उघडून आत पाहावे. अलीकडे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचे नाव, नुकत्याच झालेल्या चाचणीचे गुण, शेवटची पावती असा एखादा पुरावा शोधावा. इतिहासाचे शिक्षक तारीख नसलेल्या दस्तऐवजाचा काळ त्यातल्या उल्लेखांवरून ठरवतात. येथेही पद्धत तीच.

पहिल्या तासात काय करू नये

प्रत सापडत नाही असे कळल्यावर माणसाला काहीतरी करावेसे वाटते, आणि खरे नुकसान बहुधा तेव्हाच होते. नवा बॅकअप घेणे, डिस्क फॉरमॅट करणे, विंडोज पुन्हा बसवणे, जागा मोकळी करणे या चारही गोष्टींनी डिस्कवर नवे काही लिहिले जाते. पुसलेली फाईल तत्काळ नाहीशी होत नाही. तिची जागा 'रिकामी' म्हणून नोंदली जाते आणि तेथे दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मजकूर तसाच असतो. लिहिले गेले की तो कायमचा जातो. नव्या पद्धतीच्या एसएसडी डिस्कमध्ये तर रिकामी जागा डिस्क स्वतःच लगेच साफ करू लागते, त्यामुळे तेथे पुसलेले परत मिळण्याची आशा फार कमी.

म्हणून बिघडलेला संगणक बंद ठेवावा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर तो पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. प्रत्येक वेळी पृष्ठभागाला इजा होऊ शकते. बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून, तिच्यातील सगळे आधी तिसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावे आणि शोधाशोध त्या उतरवलेल्या प्रतीवर करावी. याला एक नवी डिस्क लागते आणि दोन-तीन तास जातात. प्राचार्यांना हा खर्च पटवून देणे, हेच कधीकधी सर्वांत अवघड काम ठरते.

स्वयंचलित बॅकअप असेल तर तो आधी थांबवावा. संगणकावर सगळ्या फायली खराब झालेल्या असताना रात्री दोन वाजता ठरल्याप्रमाणे बॅकअप चालला, तर तो खराब फायलींची नवी प्रत घेईल आणि जागेसाठी जुनी चांगली प्रत पुसून टाकील.

आहे, पण दिसत नाही

बॅकअप घेणारी बहुतेक सॉफ्टवेअरे दोन गोष्टी सांभाळतात: प्रत्यक्ष मजकूर आणि त्याची सूची. ग्रंथालयात पुस्तके कपाटात असतात आणि कार्डे खणात, तसे. कार्ड हरवले म्हणून पुस्तक हरवत नाही. पण आपण सॉफ्टवेअर उघडून जे पाहतो ती कार्डे असतात. सूची संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर असेल आणि तीच डिस्क गेली असेल, तर नव्याने बसवलेले सॉफ्टवेअर 'एकही प्रत नाही' असे सांगते. अशा वेळी सॉफ्टवेअर बाजूला ठेवून डिस्कवरची फोल्डरे हाताने उघडून पाहावीत.

विंडोजची 'फाईल हिस्टरी' ही सोय याचे चांगले उदाहरण आहे. ती बाहेरील डिस्कवर वापरकर्त्याच्या आणि संगणकाच्या नावाने फोल्डर करते आणि प्रत्येक फाईलच्या नावापुढे तारीख-वेळ जोडून ठेवते, तीही प्रमाणवेळेतच. नवा संगणक वेगळ्या नावाने सुरू केला की जुन्या आवृत्त्या पडद्यावर दिसत नाहीत, परंतु डिस्कवर त्या साध्या फायली म्हणून पडलेल्या असतात आणि उचलून घेता येतात. संपूर्ण संगणकाची प्रतिमा घेतली असेल तर ती 'विंडोजइमेजबॅकअप' या नावाच्या फोल्डरमध्ये असते. हे फोल्डर डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर हवे. कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने ते 'जुने बॅकअप' अशा दुसऱ्या फोल्डरात सरकवले किंवा नाव बदलले, की दुरुस्तीच्या वेळी विंडोजला ते दिसत नाही. पूर्ववत वर आणून ठेवले की दिसते. हीच प्रतिमा नेटवर्कवरील फोल्डरात घेतली असेल तर मात्र तेथे फक्त शेवटचीच प्रत राहते. आधीच्या शोधण्यात वेळ घालवू नये.

पेन ड्राइव्हवरचा बॅकअप 'गायब' होण्याचे आपल्याकडील नेहमीचे कारण म्हणजे ज्याला सगळे 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात तो. तो मूळ फोल्डरांना लपलेले आणि प्रणालीचे अशी दोन चिन्हे लावतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो. पेन ड्राइव्ह रिकामा वाटतो, पण किती जागा वापरली आहे ते पाहिले तर आठ-दहा जीबी भरलेले दिसते. फोल्डरच्या पर्यायांत लपलेल्या फायली दाखवा असे निवडून, प्रणालीच्या संरक्षित फायली लपवण्याची खूण काढली की सारे समोर येते. शॉर्टकटवर क्लिक करण्याचा मोह मात्र टाळावा.

ऑनलाईन साठ्याविषयी थोडे. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह संगणकातील फोल्डर आणि दूरचा साठा सतत एकसारखा ठेवतात. म्हणजे येथे पुसले की तेथेही पुसले जाते. हा बॅकअप नव्हे, आरसा आहे. तरी कचरापेटी तपासावी: गूगल ड्राइव्हमध्ये आणि वैयक्तिक वनड्राइव्ह खात्यात ३० दिवस, शिक्षणसंस्थेच्या वनड्राइव्ह खात्यात एरवी ९३ दिवस फायली राहतात. शिक्षक सोडून गेला आणि कॉलेजच्या फायली त्याच्या वैयक्तिक खात्यात होत्या, हा प्रकार मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. तेथे तांत्रिक उपाय नाही. त्या शिक्षकांना आदराने फोन करावा.

आहे, पण अपुरी. आणि मुळात घेतलीच नाही

जागा वाचवण्यासाठी अनेक सॉफ्टवेअरे आठवड्यातून एकदा पूर्ण प्रत घेतात आणि रोज फक्त बदल टिपतात. हजेरीपटाची उपमा देता येईल: महिन्याच्या सुरुवातीला नावांची पूर्ण यादी, मग रोज फक्त कोण आले-गेले याची चिठ्ठी. गुरुवारची स्थिती हवी असेल तर यादी आणि त्यानंतरच्या सगळ्या चिठ्ठ्या क्रमाने लागतात. मंगळवारची चिठ्ठी हरवली तर बुधवार-गुरुवारच्या हातात असूनही त्यांवर विसंबता येत नाही, आणि सॉफ्टवेअर मंगळवारनंतरचे काही दाखवतच नाही. प्रत्येक चिठ्ठीत मागील चिठ्ठीपासूनचे नव्हे तर मूळ यादीपासूनचे सारे बदल लिहायचे, अशी दुसरी पद्धत आहे. तीत यादी आणि शेवटची चिठ्ठी एवढ्यावर भागते. आपल्याकडे कोणती पद्धत चालू आहे हे आधीच माहीत हवे.

आता अप्रिय शक्यता. बॅकअप घेतलाच गेला नसेल. रात्री दोनची वेळ ठरवली आणि संगणक सायंकाळी पाचला बंद होतो, खात्याचा पासवर्ड बदलला आणि ठरवलेल्या कामात जुनाच राहिला, डिस्क भरली, केबल सैल झाली. विंडोजच्या 'टास्क शेड्युलर'मध्ये प्रत्येक कामापुढे शेवटच्या वेळी काय झाले याचा अंक असतो. तेथे शून्य असेल तर काम नीट पार पडले. दुसरे काही असेल तर चौकशी करावी.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवरचा सुमारे ३०० जीबी माहितीचा साठा पुसला. बॅकअपच्या वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. शोधल्यावर कळले की रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्याने अपयशी ठरत होता, आणि त्या अपयशाची सूचना देणारी ईमेल पोहोचतच नव्हती. एका अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी सहा तास आधी सहज घेतलेली एक प्रत होती. तिच्यावरून काम पुन्हा उभे राहिले आणि मधल्या सुमारे सहा तासांची माहिती गेली. कंपनीने हे सारे जाहीरपणे लिहून ठेवले. आपल्या संस्थांत अशी चूक लपवण्याकडे कल असतो, म्हणून पुढच्या माणसाला ती पुन्हा करावी लागते.

ज्या प्रतीला कोणी बॅकअप म्हणत नाही

अधिकृत प्रती संपल्या की अनधिकृत शोधाव्यात. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही लागून गेलेले आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक जगभर निकामी केले. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या गेटवे टर्मिनल्सचे कामही त्यामुळे विस्कळीत झाले. कोणत्या कर्मचाऱ्याला कशात प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर कंपनीकडे होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत. एक गेला तर दुसरा आहे, अशी कल्पना. सगळे एकाच वेळी जातील हे कोणी धरले नव्हते, आणि गेले ते सगळेच. अपवाद एक: घानामधील कार्यालयाची वीज हल्ल्याच्या आधी गेली होती, म्हणून तेथील सर्व्हर नेटवर्कपासून तुटला होता आणि वाचला. इंटरनेटचा वेग कमी असल्याने ती माहिती पाठवता येईना. घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण नायजेरियापर्यंत गेला, तेथे दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती डिस्क दिली आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. त्यानंतर सुमारे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले गेले.

आपल्या पातळीवर ही 'घानाची प्रत' म्हणजे विद्यापीठाला ईमेलने पाठवलेली गुणांची फाईल, छपाईवाल्याच्या संगणकावर राहिलेले नियतकालिक, परीक्षा विभागप्रमुखांचा घरचा लॅपटॉप, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकलेली यादी, कपाटातली जुनी हार्ड डिस्क. कागद तर असतोच. शोध सुरू करताना सर्व सहकाऱ्यांना एक निरोप पाठवावा: आपल्याकडे अमुक विषयाची जी कोणती फाईल असेल ती पुसू नका आणि कळवा.

एक सावधगिरी. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारी सॉफ्टवेअरे संगणकाला जोडलेली बाहेरील डिस्कही बंद करतात आणि विंडोजने आपोआप ठेवलेल्या छाया-प्रती पुसतात. अशा संशयात एकमेव चांगली डिस्क त्या संगणकाला जोडायची नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर हल्ला झाला, तेव्हा ई-हॉस्पिटलची माहिती झळ न लागलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून नव्या सर्व्हरांवर परत आणली गेली, असे सरकारने संसदेत सांगितले. 'नव्या सर्व्हरांवर' हे शब्द लक्षात घ्यावेत.

परत आणताना

सापडलेली प्रत मूळ जागी उतरवू नये. नवे फोल्डर करून त्यात उतरवावी, तपासावी, मगच कामाला घ्यावी. फाईल उघडते का, शेवटच्या ओळीपर्यंत आहे का, बेरजा जुळतात का, हे ज्याने ती माहिती भरली त्यानेच पाहावे. संगणकाच्या शिक्षकाला फाईल उघडलेली दिसते. त्यातले गुण बरोबर आहेत का हे विषयशिक्षकच सांगू शकतो. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर ४८ अंकी किल्ली लागते. ती त्याच डिस्कवर ठेवलेली निघाली, असेही घडते.

आपल्या संस्थांची एक खास अडचण येथे सांगितली पाहिजे. जुना हिंदी मजकूर कृतिदेव या फॉन्टमध्ये, मराठी मजकूर शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये आणि उर्दू मजकूर इनपेजमध्ये असतो. परत आणलेली फाईल नव्या संगणकावर उघडली की कृतिदेवच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गोंधळ दिसतो, आणि इनपेजची फाईल तर वर्डमध्ये उघडतच नाही. 'बॅकअप खराब झाला' म्हणून अशा फायली टाकून दिल्याचे मला माहीत आहे. त्या खराब नसतात. फॉन्ट किंवा सॉफ्टवेअर तेथे नसते. जुन्या इनपेजला संगणकाला लावायचे एक कुलूप असे, ते हरवले तर उर्दू विभागाची कित्येक वर्षांची प्रश्नपत्रिका अडकून पडते. बॅकअपसोबत फॉन्ट आणि सॉफ्टवेअरही ठेवावे, आणि महत्त्वाचा उर्दू-हिंदी मजकूर सवडीने युनिकोडमध्ये आणावा.

त्या कॉलेजात पुढे काय झाले ते सांगतो. २००९च्या फोल्डरातील सारे दोन नव्या डिस्कवर उतरवले. शनिवारनंतरचे, म्हणजे सोमवारचे, काम तेवढे गेले होते. त्यात दोन वर्गांचे गुण आणि सतरा शिष्यवृत्ती अर्जांची माहिती होती. गुण शिक्षकांच्या वह्यांतून पुन्हा भरले. अर्जांचे कागद बडे बाबूंनी आपल्या खणात क्रमाने लावून ठेवलेले होते. त्यांनी ते एका दुपारी पुन्हा नोंदवले. एक डिस्क आता ग्रंथपालांच्या घरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला असते आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी अदलाबदल होते. त्या दिवशी वेगवेगळ्या वर्गांतील तीन फायली परत उतरवून उघडतात आणि कोणती फाईल, कोणी उघडली, शेवटची नोंद कोणत्या तारखेची, हे एका वहीत हाताने लिहितात. नव्या सेलला चाळीस रुपये लागले होते. त्याची पावतीही त्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेली आहे.